दांडग्या कुत्र्याचा पट्टा: आधी कडी बघा, पट्टी शेवटी

दुकानात पट्टा हातात आला की बहुतेक जण दोन्ही टोकं धरून खेचून बघतात. पट्टी दणकट वाटली की पैसे देऊन मोकळे होतात. पण तुटलेले पट्टे समोर ठेवून बघा, पट्टी मधोमध तुटलेली क्वचित सापडेल. साखळी अडकवायच्या कडीचा सांधा उघडलेला असतो, आतलं रिव्हेट गंजून निसटलेलं असतं, बक्कलाचा काटा वाकलेला असतो, नाहीतर शिवण कुजलेली असते. मग माणूस त्याहून जाड पट्टीचा पट्टा आणतो, आणि तोही त्याच जागी जातो.

किनाऱ्यावर ही सगळी मोडतोड लवकर होते. घाटावर वर्षानुवर्षं चालणारं बक्कल वेंगुर्ल्याला किंवा गुहागरला एका पावसाळ्यात तांबडं पडतं. खारा वारा बारा महिने असतो, त्यात रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि जून ते सप्टेंबर काहीच धड वाळत नाही. म्हणून इथे पट्टा निवडायचा क्रम उलटा ठेवायचा: माप, मग कडी, मग बक्कल, मग शिवण, आणि सगळ्यात शेवटी पट्टी कसली आहे ते.

खाली दिलेली मापं साधारण २५ ते ५० किलोच्या कुत्र्यांसाठी आहेत. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, किंवा आंब्याच्या बागेत माकडांवर सोडलेला अंगापिंडाने भरलेला गावठी, सगळे यात आले.

टप्पा १: कुत्रा मोजा, जुना पट्टा नको

शिंप्याची टेप घ्या. नसेल तर सुतळी गुंडाळून ती फूटपट्टीवर मोजा. दोन मापं लागतात.

पहिलं माप मानेचं. पट्टा जिथे प्रत्यक्ष बसतो तिथलं, म्हणजे मानेच्या मधल्या भागाच्या किंचित खाली. कुत्रा उभा असावा, डोकं सरळ. बसलेल्या किंवा खाली वाकून खाणाऱ्या कुत्र्याचं माप चुकतं. टेप केसांवरून सैल न ठेवता त्वचेला टेकवा, पण आवळू नका.

दुसरं माप डोक्याचं. कानांच्या अगदी पुढून, कपाळावरून आणि जबड्याखालून. हे माप जवळजवळ कोणीच घेत नाही, आणि गणपतीत फटाका वाजला की कुत्रा पट्ट्यातून निसटून थेट व्हाळापलीकडे जातो तो यामुळेच.

समजा मान ४६ सेंटिमीटर आणि डोकं ५३ सेंटिमीटर भरलं. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सपाट जावीत एवढी ढील धरली, तर पट्ट्याचा घेर साधारण ४९ ते ५० सेंटिमीटर होईल. डोकं ५३ चं आहे, म्हणजे साधा पट्टा निसटणार नाही. पण मुधोळ, कारवान किंवा त्यांच्या रक्ताच्या कुत्र्यांची मान डोक्याएवढी, कधी जास्तच भरते. दोन मापांत ३ सेंटिमीटरपेक्षा कमी फरक असेल तर फिरवायला मार्टिंगेल पट्टा घ्या. ओढ बसली की तो ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो आणि पुढे थांबतो. पूर्ण आवळल्यावरही त्याच्या पट्टीच्या दोन टोकांच्या कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर तो पुरेसा आवळणार नाही, कुत्रा निसटेल.

चूक इथे होते: पाकिटावर लिहिलेली लांबी ही अनेकदा मोकळ्या टोकासकट पूर्ण पट्ट्याची असते. तुम्हाला हवी ती बक्कलाच्या काट्याच्या मुळापासून मधल्या भोकापर्यंतची. पाच भोकांचा पट्टा असेल तर तुमचं माप तिसऱ्या भोकावर यायला हवं, म्हणजे पावसाळ्यात कुत्रा वाळला किंवा थंडीत सुटला तरी दोन्हीकडे जागा राहते. दुकानात आकडे इंचात असतात. ४९ सेंटिमीटर म्हणजे १९ इंचांहून थोडं जास्त.

मोठ्या जातीचं पिल्लू दीड वर्षापर्यंत भरत राहतं. त्याला एवढ्यात भारी पट्टा घेऊ नका. साधा, स्वस्त, सरकवून वाढवता येणारा पट्टा घ्या आणि दर रविवारी दोन बोटं घालून बघा. पिल्लाच्या मानेला सुतळी किंवा नायलॉनची दोरी बांधून विसरणं हा आपल्याकडचा जुना रोग. दोरी कातडीत रुतते, केसांमुळे दिसत नाही, आणि वास येऊ लागेपर्यंत आत जखम झालेली असते.

टप्पा २: पट्ट्याचं काम ठरवा

खळ्यात, म्हणजे अंगणात, बांधून ठेवायचा, रस्त्यावर फिरवायचा आणि समुद्रावर न्यायचा, ही तीन वेगळी कामं आहेत. एकच पट्टा तिन्ही करेल, पण लवकर मरेल. परवडत असेल तर दोन पट्टे घ्या. कारण चैनीचं नाही: पावसाळ्यात एक वाळत असताना दुसरा गळ्यात हवा.

बांधायच्या पट्ट्याला नेहमी काट्याचं बक्कल हवं. गळफासासारखी आवळणारी साखळी किंवा मार्टिंगेल घालून कुत्रा कधीही बांधून सोडू नका. तो खुंट्याभोवती फिरतो, अडकतो, आणि सोडवायला जवळ कोणी नसतं.

फिरताना कुत्रा सतत ओढत असेल तर पट्टा कितीही मजबूत घ्या, ओढ तशीच राहते आणि भार श्वासनलिकेवर येतो. खोकत, घरघरत चालणाऱ्या कुत्र्याला छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घाला, आणि गळ्यातला पट्टा नावाच्या बिल्ल्यापुरता ठेवा.

टप्पा ३: कडी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कुत्र्याने हिसका दिला की साखळीचा सगळा भार आधी कडीवर येतो. तिथून तो पट्ट्याच्या दोन बाजूंना वाटला जातो, म्हणजे बक्कलाच्या वाट्याला साधारण अर्धा येतो. कडीला कोणी वाटेकरी नाही.

भार किती असतो? ३५ किलोचा कुत्रा ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटरने, मांजरावर धावला आणि साखळी संपून तो २० सेंटिमीटरच्या आत थांबला, तर सरासरी ओढ २२० किलो वजन टांगल्याएवढी होते. तोच कुत्रा एक मीटरभर सैलावत थांबला, तर ४५ किलोच्या आसपास. म्हणजे कुत्र्याच्या वजनाइतकंच महत्त्व तो किती अंतरात थांबतो याला आहे. लोखंडी साखळी अजिबात ताणली जात नाही, त्यामुळे ती सगळा हिसका कडीला देते. हे गणित टप्पा ८ मध्ये पुन्हा लागेल.

आता कडी कशी बघायची ते.

सांधा: इंग्रजी डीच्या आकाराची कडी तार वाकवून करतात. सरळ दांडीवर कुठेतरी दोन टोकं भेटतात. नखाने पूर्ण गोल फिरवा. नख फटीत अडकलं तर सांधा नुसता टेकवलेला आहे, झाळलेला नाही. ती कडी मजबूत कुत्र्यासाठी बाद. अनेकदा हा सांधा पट्टीच्या आत लपवलेला असतो, म्हणून कडी फिरवून बघायला लाजू नका.

जाडी: २५ मिलिमीटर रुंद पट्ट्याला तार किमान ४ मिलिमीटर, ४० मिलिमीटरच्या पट्ट्याला ५ ते ६. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, चकचकीत वस्तू जाड दिसते. दुकानदाराकडे जाडी मोजायचं व्हर्नियर नसेल तर सायकलचा स्पोक मनात धरा, तो साधारण २ मिलिमीटरचा असतो. कडी त्याच्या दुप्पट तरी हवी.

धातू: खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर निकेलचा मुलामा. मुलाम्याला बारीक छिद्रं असतात, कडी घासली जाते तिथे तो उडतो, आणि खारं पाणी आत शिरतं. चिकटलं नाही म्हणजे स्टेनलेस असेलच असं नाही. जस्ताची ओतीव कडीही चिकटत नाही, आणि ती सगळ्यात फसवी. ती वाकून इशारा देत नाही, एकदम मोडते. मोडलेल्या जागी करडा, दाणेदार भाग दिसतो. ओतीव वस्तूच्या कडेने साच्याची बारीक रेघ असते, ती बोटाला लागते. हातात ती स्टीलपेक्षा हलकी वाटते.

स्टेनलेसमध्येही फरक आहे. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४ या प्रतीचं. समुद्रापासून आत, कुडाळ किंवा चिपळूणसारख्या ठिकाणी ते ठीक चालतं. पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या रेतीवर, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला ३१६ घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाने पडणारे खड्डे त्यामुळे बरेच टळतात. पितळ गंजत नाही, हिरवट पडतं, ते पुसता येतं. भरीव पितळेची जाड कडी चांगली. मात्र पितळी बक्कल आणि लोखंडी रिव्हेट अशी जोडी टाळा. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की लोखंड नेहमीपेक्षा लवकर खाल्लं जातं, आणि रिव्हेट आत असल्याने कळतही नाही.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात मनासारखी कडी मिळाली नाही तर बंदराकडे जा. मिरकरवाडा, हर्णे, मालवण, देवगड अशा मासेमारीच्या गावांत होड्यांचं सामान विकणारे असतात. त्यांना ३१६ ची झाळलेली कडी विचारा. तिथेच मळकट राखाडी रंगाच्या, जस्त चढवलेल्या लोखंडी कड्याही असतात, त्या नकोत. कडी आणून चामड्याचं काम करणाऱ्याकडून पट्ट्यात शिवून घ्या. तयार भारी पट्ट्यापेक्षा हा उद्योग बरेचदा स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो.

तपासा: कडी पट्ट्याच्या दोन थरांमध्ये अडकवून शिवलेली आहे, की एका छोट्या वेगळ्या पट्टीने एकाच रिव्हेटवर लटकवली आहे? दुसरा प्रकार असेल तर सगळा भार त्या एका रिव्हेटवर. ठेवून द्या.

टप्पा ४: बक्कल

प्लास्टिकचं चिमटा-बक्कल दांडग्या कुत्र्याला नको. उन्हाने ते ठिसूळ होतं, आणि पुळणीची रेती खाचेत गेली की पूर्ण बसत नाही. ‘टक’ असा आवाज येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि एक बाजू अर्धीच अडकलेली असते.

काट्याचं बक्कल घ्या. काटा चौकटीच्या दांडीवर पूर्ण टेकून किंचित पुढे यायला हवा. आखूड काटा ओढीखाली वाकून चौकटीतून निसटतो. काट्याचं मूळ जिथे दांडीला वळसा घालतं तिथे फट मोठी असेल तर तेही बघा.

दोन काट्यांचं बक्कल दुप्पट मजबूत असतं हा समज सोडा. भोकं दोन ओळींत पडतात, त्यामुळे प्रत्येक जागी पट्टी अरुंद होते. ४० मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या पट्ट्यावर दोन काटे म्हणजे नुसती शोभा.

बक्कलाच्या पुढे पट्ट्याचं टोक अडकवायला जो लहान वळसा असतो तो शिवलेला हवा. टोक मोकळं फडफडलं तर दुसरा कुत्रा किंवा तोच कुत्रा ते चावून काढतो.

टप्पा ५: शिवण आणि रिव्हेट

चामड्याच्या पट्ट्यावर दोरा पांढरा, मऊ आणि तंतू सुटलेला दिसला तर तो सुती आहे. इथे तो एका पावसात कुजतो. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा मेण लावलेला दोरा हवा. शंका आली तर दुकानदाराकडून तुटका तुकडा घेऊन काडी लावा: सुती दोरा जळून राख होतो, बाकीच्यांचा वितळून मणी होतो.

कापडी पट्टीवर कडीच्या आणि बक्कलाच्या दोन्ही बाजूंना चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असावी. नुसत्या दोन आडव्या रेघा असतील तर पहिल्या रेघेवर सगळा भार येतो आणि मग चेन उघडल्यासारखी शिवण सुटत जाते.

रिव्हेट पुढून चकचकीत आणि मागून तांबूस दिसलं की समजा पुढे नुसता मुलामा. मागचा भाग नेहमी बघा, तोच मानेच्या ओलाव्याला लागतो.

टप्पा ६: रुंदी आणि पट्टी

रुंदी: २५ ते ३० किलोच्या कुत्र्याला २५ ते ३२ मिलिमीटर, ३० ते ५० किलोला ३८ ते ४० मिलिमीटर. आखूड मानेच्या रॉटवायलरला ५० मिलिमीटरचा पट्टा घालणाऱ्यांची हौस समजते, पण तो जबड्याखाली घासतो आणि तिथले केस जातात.

पट्टीचे पर्याय चार.

*प्लास्टिकचा थर दिलेली पॉलिएस्टर पट्टी*, जी बायोथेन या नावाने विकली जाते. किनाऱ्यासाठी हीच पहिली निवड. पाणी पीत नाही, वास धरत नाही, धुऊन पुसली की कोरडी. कापलेल्या कडेला आत विणकाम दिसलं पाहिजे. नुसतं एकसंध प्लास्टिक दिसलं तर ती नक्कल आहे, ताणाखाली लांबते. या पट्ट्यांवरचे स्क्रू हळूहळू सैल होतात. पहिल्याच दिवशी आट्यांवर स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद थेंबभर लावून घट्ट करा.

*नायलॉन.* ताकद भरपूर. ओलं झालं की थोडं लांबतं आणि थोडी ताकद कमी होते, वाळायला वेळ लागतो. दोन थर एकमेकांवर शिवलेली, घट्ट विणीची पट्टी घ्या. अंगठ्याने सहज चुरगळली तर वीण सैल आहे. भोकांना पितळी आयलेट, म्हणजे कडेने बसवलेली धातूची कडी, हवेत.

*पॉलिप्रॉपिलीन.* नायलॉन म्हणून हेच गळ्यात मारतात. उन्हात याचा भुगा होतो. ओळखायला सोपं: कापलेला छोटा तुकडा पाण्यात दाबून बुडबुडे काढा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात.

*चामडं.* कोरड्या महिन्यांत याला तोड नाही, मानेवर मऊ बसतं. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तसं चामडं, ३.५ ते ४ मिलिमीटर जाड, एका थराचं घ्या. दोन पातळ थर चिकटवून केलेला पट्टा पावसात सुटतो. कडेने बघा: सलग तंतू दिसले पाहिजेत. मधे कापड किंवा पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर वरचं रेक्झिन आहे. मिरगापासून दसऱ्यापर्यंत मात्र चामडं गळ्यातून काढून ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

जादा भोक हवं असेल तर गोल पंचने पाडून घ्या. सुरीने चीर दिली तर ती पहिल्या हिसक्यात पुढे फाटते. तापवलेल्या खिळ्याने चामडं कडेने जळून ठिसूळ होतं.

टप्पा ७: गळ्यात घालण्याआधी घरी चाचणी

कुत्र्यावर पहिली चाचणी करू नका.

१. पट्टा पडवीच्या पक्क्या खांबाला किंवा पोफळीला बक्कल लावून बांधा. कडीला जाड दोरी अडकवा.

२. दोन माणसांनी दोरी धरून मागे पूर्ण भार टाका, मग तीन-चार हिसके द्या. कडी किंवा हूक सुटला तर तोंडावर येतो, म्हणून मान दोरीच्या रेषेत ठेवू नका.

३. पट्टा काढून बघा. भोक लांबट झालंय का? काटा वाकलाय का? शिवणीजवळ पट्टी सरकलीय का? कडीच्या सांध्यात नख आता अडकतंय का? एकाचंही उत्तर हो आलं तर पट्टा परत करा.

४. मग मिठाची चाचणी. १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घाला, समुद्राचं पाणी साधारण एवढंच खारट असतं. त्यात कापडाचा तुकडा भिजवून पिळा, फक्त कडी आणि बक्कल यांच्याभोवती गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवस ठेवा. चामडं भिजू देऊ नका. कापडावर तांबडा डाग आला तर धातू लोखंडी आहे, लेबल काहीही म्हणो.

मिठाची चाचणी झालेला पट्टा दुकानदार परत घेईलच असं नाही. म्हणून आधी ओढीची, मग मिठाची.

टप्पा ८: घालणं आणि बांधणं

पट्टा घालून दोन बोटं सपाट सरकवा. सहज गेली पाहिजेत, पण मूठ जाता कामा नये. मग कानामागून पट्टा पुढे, डोक्याकडे ओढा. कानांवरून निघाला तर एक भोक आवळा. आवळल्यावर बोटं जात नसतील तर पट्ट्याचा प्रकारच चुकला, टप्पा १ ला परत जा.

हूक बघा. पट्टा चांगला आणि साखळीचा हूक जस्ताचा, अशी जोडी सर्वत्र दिसते. कडीसाठी लावलेले सगळे निकष हुकालाही लावा. मधे फिरकी असलीच पाहिजे, आणि ती महिन्यातून एकदा तेलाचा थेंब मागते. गंजून अडकलेली फिरकी असली की साखळी पीळ खाते आणि तिची लांबी कमी होते.

आता मघाचा हिसका. साखळी आणि खुंटा यांच्यामध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबचा वळसा किंवा हिसका खाणारं रबरी सामान घाला, पण त्याच्या समांतर एक मजबूत दोरी थोडी सैल ठेवून बांधा. रबर तुटलं तरी कुत्रा सुटत नाही, आणि एरवी हिसका रबर खातं. कडीचं आयुष्य याने सगळ्यात जास्त वाढतं.

सावध: साखळीची लांबी गडग्याशी, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाशी, मोजा. कुत्रा गडग्यावर चढून पलीकडे उडी मारू शकेल पण पाय जमिनीला टेकणार नाहीत, अशी लांबी म्हणजे फाशी. एकतर गडग्यापर्यंत पोचूच नये, नाहीतर जागाच बदला. विहिरीचा काठ आणि पडवीचा उंच जोताही याच हिशोबात धरा.

प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणं, हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हे आहेत.

बिबट्यामुळे काट्यांचा पट्टा घालायचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच: बिबट्या मान धरतो, त्यामुळे रुंद काटेरी पट्ट्याचा थोडा उपयोग होऊ शकतो. पण खळ्यात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताच येत नाही. दिवेलागणीनंतर कुत्रा दाराआड घ्या, आणि काटेरी पट्टा घालून दुसऱ्या कुत्र्याबरोबर किंवा लहान मुलांजवळ सोडू नका.

टप्पा ९: पावसाळा आणि रोजची निगा

समुद्रावरून आल्यावर पट्टा काढा, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून बक्कल चार वेळा उघडझाप करा, म्हणजे रेती निघते. रेती पट्टीत राहिली की विणीला आतून कापते. सावलीत, वाऱ्यावर टांगा. ओलं चामडं चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलं तर ते आक्रसतं आणि वाकवताना तडकतं.

चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी आली तर बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळवा, मग एरंडेलाचा अगदी हलका हात फिरवा. खोबरेल लोक भरपूर चोपडतात. जास्त तेलाने चामडं लिबलिबीत होतं, भोकं ताणतात आणि धूळ चिकटते.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा पट्टा काढून मान बघा. केस बाजूला करून, विशेषतः गळ्याखाली. गोचिडांना पट्ट्याखालची ऊबदार जागा आवडते. त्वचा लाल, ओलसर किंवा दुर्गंधी असेल तर पट्टा काही दिवस उतरवा, फिरवायला हार्नेस वापरा. जखमेत माशी बसली की अळ्या पडायला फार वेळ लागत नाही. तिथे रॉकेल, पेट्रोल किंवा फिनेल ओतू नका; कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गोचिडांसाठीचा औषधी पट्टा वेगळा असतो, त्याला साखळी अडकवायची नसते.

बिल्ल्यावर नावापेक्षा फोन नंबर महत्त्वाचा. बिल्ला साखळीच्या कडीत न अडकवता वेगळ्या छोट्या कडीत लावा, नाहीतर हुकाखाली दबून वाकतो. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आठवडाभर आधी टप्पा ८ ची डोक्यावरून ओढायची तपासणी पुन्हा करा. ढोल आणि फटाके सुरू झाल्यावर ती करायला वेळ नसतो.

टप्पा १०: पट्टा कधी काढून टाकायचा

कडी आतल्या बाजूने झिजून मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशावर आली, काटा एकदा वाकून सरळ करावा लागला, कोणतंही भोक वाटाण्याएवढं मोठं झालं, किंवा शिवणीचे सलग तीन टाके सुटले, यांपैकी एकही दिसलं की पट्टा उतरवा. टाके पुन्हा घालता येतात, पण जुन्याच भोकांतून नव्हे. शेजारी नवी ओळ घालायला सांगा.

टाकताना पट्टी कापून टाका, म्हणजे कोणी उचलून पुन्हा कुत्र्याच्या गळ्यात बांधणार नाही. ३१६ ची कडी चांगली असेल तर सोडवून ठेवा, पुढच्या पट्ट्यात ती पुन्हा शिवता येते.